लेव्हल आणि ताण

नाताळच्या सुटीत माझा नातू पुण्याहून आष्टीला येतो, असं आपलं म्हणायचं. खरं म्हणजे त्याचा लॅपटॉप येतो आणि तो सांभाळायला म्हणून सोबत नातू येतो. यंदा घरात पाऊल टाकल्याबरोबर त्याने वायफायचा पासवर्ड विचारला. आबांची तब्येत कशी आहे, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी दुपारी आला; तोही लाइन गेली होती म्हणून.

तिसऱ्या दिवशी मात्र स्वारी तोंड पाडून ओसरीवर बसलेली दिसली.

“काय झालं रे?”

“आबा, माझी लेव्हलच वाढत नाहीये.”

सरकारी कचेरीत ३४ वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला हे दुःख उलगडून सांगावं लागत नाही. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि जुन्या सवयीने विचारलं, “सेवाज्येष्ठता यादी लागली का?”

यादीबिदी काही नव्हती. प्रकरण खेळाचं होतं. इंटरनेटवर हजारो माणसं एकाच वेळी एकाच मायानगरीत शिरतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. मग राक्षस, लांडगे, रानडुकरं मारायची, गुण साठवायचे आणि एकेक लेव्हल वर चढायचं. आमचे चिरंजीव तेविसाव्या लेव्हलवर अडकले होते. चोविसाव्यासाठी आणखी ६०० रानडुकरं मारायची होती.

“मग आपल्या वावरात ये ना,” मी म्हणालो. “रोज रात्री येतात. एकही मोजून द्यावं लागणार नाही.”

नातू हसला नाही. म्हणजे दुखणं खरं होतं.

मग मी चौकशी केली. कारकून निवृत्त झाला तरी त्याच्यातली चौकशी निवृत्त होत नाही. तेव्हा कळलं की या लेव्हलींचं मूळ अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-फाशांच्या खेळात आहे. पुढे हा प्रकार इंटरनेटवर आला. १९९९ सालच्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये काही लेव्हली इतक्या रखडायच्या की खेळणारे त्यांना ‘नरक’ म्हणत. शिवाय मेलात की कमावलेले गुणही कापून घेत. ‘रूनस्केप’ नावाच्या खेळात एकेका कौशल्याच्या ९९ पायऱ्या असतात. आता ९२ व्या पायरीवर पोचलेला माणूस समजतो की झालंच, सातच राहिल्या. प्रत्यक्षात तिथे निम्मे गुण व्हायचे असतात! हे वाचून मला आमच्या पेन्शनच्या फाइलची आठवण झाली. तीही अशीच शेवटच्या सात टेबलांवर निम्मा प्रवास करत होती.

“लेव्हल एका दिवसात व्हायला पाहिजे,” नातवाने निकाल दिला.

एवढं निमित्त मला पुरलं. मी घसा खाकरला आणि सुरू झालो. धीर, चिकाटी, घामाचं मोल. आमच्या वेळी असं नव्हतं. मला पहिली बढती मिळायला १७ वर्षं लागली, पण मी कधी तोंड पाडून बसलो नाही. (बसलो होतो. पण त्याची आजी आता साक्षीला नाही.)

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “आबा, त्या १७ वर्षांत तुम्ही काय शिकलात?”

या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला म्हणून सांगतो. आवक-जावक, टिपणी, बिलं, रजेचा हिशेब, हे सगळं पहिल्या दोन वर्षांत आलं होतं. उरलेली १५ वर्षं मी वाट पाहिली. पुढे त्या वाट पाहण्यालाच मी ‘अनुभव’ म्हणू लागलो, आणि नव्या पोरांनी घाई केली की त्याच अनुभवाने त्यांना झोडपू लागलो. सरकारलाही बहुधा आमची दया आली. १९९५ साली कालबद्ध पदोन्नतीचा निर्णय निघाला: १२ वर्षं एकाच पदावर काढली की वरच्या पदाचा पगार मिळायचा. पद नाही हं, पगार! म्हणजे लेव्हल तीच, रानडुकरं तीच, फक्त नाणी जास्त.

त्या दिवशी संध्याकाळी नातवाला घेऊन मी बागेकडे निघालो. उत्तर सुचत नसलं की मी बागेकडे जातो.

आमच्याकडे संत्र्याचा मुलूख. शेजारच्या शेंदुरजनाघाटहून कलमं आणायची, लावायची आणि पहिल्या धड बहारासाठी चार-पाच वर्षं झाडाच्या तोंडाकडे बघत बसायचं. नातवाच्या हिशेबाने ही तर नरक-लेव्हलच. पण त्या वर्षांत झाड वाट बघत नसतं. मुळं खाली जात असतात, खोड भरत असतं. मध्येच कोणी पैसे मोजून त्याला पाचव्या वर्षाला नेऊन ठेवलं, तर फळाचा भार पेलायला फांदी कुठली आणणार?

डिसेंबर म्हणजे आंबिया बहाराच्या ताणाचे दिवस. झाडाचं पाणी मुद्दाम तोडायचं आणि मग योग्य वेळी सोडायचं, की झाड फुलावर येतं. आमचे धुरेकरी आपल्या बागेत पानं चाचपत उभे होते. त्यांना मी विचारलं, “काका, ताण किती दिवस द्यायचा?”

“जमिनीले विचारा ना भाऊ, मले काय विचारता?” ते म्हणाले. हलकी-मध्यम जमीन असेल तर महिना-दीड महिना, भारी काळी असेल तर दोन महिन्यांपर्यंत. पुढे म्हणाले, “ताण म्हंजे उपाशी मारनं नोहे. झाडाले वाटलं पायजे का आता आपलं काही खरं नाही. मंग ते फुलते. पन खरंच काही खरं राह्यलं नाही, तर काय फुलनार हाय? सरपन होते.”

आयुष्यभर मी ज्यावर व्याख्यानं दिली, ते या माणसाने पानं चाचपता चाचपता सांगून टाकलं. पहिली दहा रानडुकरं मारताना पोरगं काहीतरी शिकतं: कुठून वार करायचा, कधी पळायचं. तो ताण. उरलेली ५९० म्हणजे माझी १५ वर्षं. आणि सुटीतल्या पोराला जो ताण सोसेल, तो रात्री तासभर खेळणाऱ्या नोकरदाराला सोसेलच असं नाही, जमीन वेगळी. शिवाय यातल्या पुष्कळ खेळांची महिन्याला वर्गणी असते. आता, झाड जितके दिवस तहानलेलं राहील तितकी ज्या माळ्याची मजुरी वाढते, त्याच्या हाती नळ देऊन कसं चालेल? २०१४ साली तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’वाल्यांनी ६० डॉलरना थेट नव्वदावी लेव्हल विकायला काढली. नळ बंद करणारा तोच, बादली विकणारा तोच! आणि २०२० साली त्याच खेळात १२० व्या लेव्हलवरच्या सगळ्यांना एका फटक्यात ५० वर आणून बसवलं. आमच्या कचेरीत असं झालं असतं तर वर्ध्यापर्यंत मोर्चा गेला असता.

बरं, नुसता वेळ हेच माप धरावं, तर तेही आमच्या गावात चालत नाही. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टीची साधी माणसं पोलीस ठाण्यावर चालून गेली आणि गोळ्या झेलून हुतात्मा झाली. ती एका दिवसात जिथे पोचली, तिथे मी ३४ वर्षांच्या सेवेनंतरही पोचलेलो नाही.

परत येताना नातू हळूच म्हणाला, “आबा, लेव्हलचं काही नाही. माझे मित्र चाळीसवर गेलेत. एकाने तर पैसे देऊन घेतली. ते जातात त्या गुहेत मी गेलो की पहिल्याच फटक्यात मरतो. आता ते मला बोलवतच नाहीत.”

दुखणं हे होतं. मी मात्र तीन दिवस लेव्हलीवर औषध शोधत होतो. माझ्या बरोबरीचा एक जण माझ्याआधी हेडक्लार्क झाला, तेव्हा दुपारच्या चहाला तो दुसऱ्या टेबलावर बसू लागला. बढतीपेक्षा तो चहा मला जास्त लागला होता, हे त्याला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. त्याऐवजी विचारलं, “मला खेळता येईल का रे?”

त्याने माझ्या फोनवर खेळ टाकून दिला आणि मला मांत्रिक केलं. पहिल्याच रानडुकराने मला पाऊण मिनिटात मारलं. वावरातलं रानडुक्कर बरं, ते निदान आधी पीक खातं. नातवाने एक नवा योद्धा काढला, पहिल्या लेव्हलचा, आणि माझ्या शेजारी आणून उभा केला.

आता तो पुण्यात आहे. दर रविवारी रात्री आम्ही तासभर खेळतो. माझी लेव्हल चार आहे, आणि मी पुन्हा पुन्हा मरत असल्यामुळे त्याच्या नव्या योद्ध्याचीही चारच आहे. पाचवीला अजून किती रानडुकरं लागतील म्हणून परवा मी जरा वैतागूनच विचारलं, तर म्हणाला,

“आबा, घाई काय आहे?”