मौन ही संमती होय काय?

ग्रामपंचायतीचे सभावृत्त उघडून पाहणाऱ्यास एक शब्द पानोपानी भेटतो. तो शब्द 'सर्वानुमते' हा होय. मागील सभेचे इतिवृत्त वाचून सर्वानुमते कायम. पाण्याच्या टाकीची साफसफाई, सर्वानुमते मंजूर. रस्त्यावरील दिव्यांची खरेदी, सर्वानुमते मंजूर. खाली सूचकाचे नाव, त्याखाली अनुमोदकाचे नाव, आणि मग पुढील विषय. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, व त्यांतील अनेकींच्या वहीत हा शब्द इतक्या सहजतेने उतरतो की लिहिणाऱ्याचा हात त्याजवर क्षणभरही थबकत नाही.

आम्ही ज्या ज्या गावी राहिलो त्या त्या गावच्या सभांस बसत आलो आहो. सभेत जे घडते ते आणि वहीत जे लिहिले जाते ते, यांत पुष्कळदा अंतर असते. चार जण बोलतात, चाळीस ऐकतात. त्या चाळिसांच्या न बोलण्याचा अर्थ 'आम्हांस मान्य' असा करण्याचा अधिकार कोणास कोठून प्राप्त झाला, हा प्रश्न आज वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते. प्रश्न गटारीचा व दिव्यांचा दिसतो खरा, परंतु तो एका मनुष्याने दुसऱ्याच्या वतीने 'होय' म्हणण्याचा आहे, आणि म्हणून नीतीचा आहे.

कायद्याने काय योजिले आहे ते थोडक्यात पाहू. १९५८ च्या अधिनियमान्वये आपल्या पंचायती चालतात, आणि ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आल्यावर ग्रामसभेस राज्यघटनेत स्थान मिळाले. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा घटक आहे; त्यास कोणी निवडून द्यावे लागत नाही. वर्षातून निदान चार सभा व्हाव्या असा नियम आहे. सभेस मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हजर पाहिजेत. तितके न जमल्यास सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेस मात्र या संख्येची अट राहत नाही. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावी पहिल्या दिवशी शंभर माणसे हवीत, आणि पुढे वीस माणसांनी काम चालते. जे आले नाहीत त्यांच्या गैरहजेरीची संमती कायदाच गृहीत धरतो. यात कायद्याचा दोष काढणे सोपे आहे. परंतु लोक येतच नाहीत म्हणून गावचे पाणी तोडून ठेवावे काय, याचे उत्तर दोष काढणाऱ्याने आधी द्यावे.

येथे सरपंचाची बाजू न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. तो म्हणतो, 'मी विषय वाचून दाखविला, कोणाची हरकत आहे काय म्हणून विचारले, कोणी बोलले नाही. आता मी प्रत्येकाच्या काळजात शिरून पाहावे की काय?' हे म्हणणे खोटे नाही. खांबावरचा दिवा बदलावयाचा असता दोनशे माणसांचे मत एकेक करून घेऊ गेलो तर गाव वर्षभर अंधारात बसेल. मौन ही संमती अशी जी म्हण रूढ झाली ती काही लबाडांनी केलेली नव्हे. माणसांस एकत्र राहून काम उरकावयाचे असते, आणि किरकोळ कामात मौनावर विसंबल्यावाचून गत्यंतर नसते.

परंतु आता दुसरा विषय घ्या. समजा, वरच्या आळीत पावसाळ्यात पाणी तुंबते, म्हणून गटार बांधावयाचे ठरले. काम चांगले, निधी आलेला, नकाशा तयार. गटाराचे तोंड कोठे काढावयाचे? उतार ओढ्याकडे, आणि ओढ्याच्या कडेला खालची वस्ती. सभेस त्या वस्तीतील आठदहा माणसे हजर आहेत. सांडपाणी आपल्या दारावरून जाणार हे त्यांस पुरते कळले आहे. नकाशा वाचता येत नसला तरी उतार त्यांस कळतो. तथापि ज्यांच्या अंगणातले पाणी जावयाचे त्यांच्याच शेतावर यांतील निम्मे लोक उद्या सकाळी खुरपणीस जाणार आहेत. एकाने गेल्या वर्षी मुलीच्या लग्नास त्यांच्याकडूनच उचल घेतलेली. एका विधवेचे नाव घरकुलाच्या यादीत येऊ घातले आहे. सरपंच विचारतो, 'हरकत कोणाची?' सर्व जण मूग गिळून बसतात. वहीत लिहिले जाते, सर्वानुमते मंजूर.

दिव्याच्या ठरावातले मौन आणि गटाराच्या ठरावातले मौन कानास सारखेच ऐकू येते. तरी ही दोन मौने एक नव्हेत, हे कोणीही सरळ मनाचा मनुष्य मान्य करील. फरक कशात आहे? आमच्या मते तो बोलण्याच्या किमतीत आहे. दिव्याविषयी 'नको' म्हणणाऱ्याचे काही बिघडत नव्हते; तो बोलला नाही याचा अर्थ त्यास बोलावयाचे नव्हते असाच घेता येतो. गटाराविषयी 'नको' म्हणणाऱ्याची उद्याची मजुरी जात होती. ज्यास बोलण्याबद्दल भाकर द्यावी लागते त्याच्या मौनातून त्याचे मत काढता येत नाही. फार तर त्याची भीती काढता येईल. धाक घालून घेतलेल्या वचनास आपण वचन समजत नाही. मग धाकाने धरलेल्या मौनास संमती का समजावे?

धाक येथे कोणी घातलेला नाही, असे यावर म्हणण्यात येईल. सावकाराने डोळे वटारले नाहीत, सरपंचाने दमदाटी केली नाही. ही गोष्ट खरी, आणि त्यातच अडचण आहे. गावात धाक घालावा लागत नाही. तो उतारासारखा जमिनीतच असतो. म्हणून जो अध्यक्षस्थानी बसतो त्याचे कर्तव्य 'हरकत आहे काय?' एवढे विचारून संपत नाही. ज्याचे नुकसान व्हावयाचे त्यास बोलणे स्वस्त पडेल अशी तजवीज करणे हेही त्याचेच काम आहे. सभेच्या आधी वस्तीत जाऊन पाहून येणे, त्या वस्तीच्या सदस्यास पहिल्याने बोलावयास सांगणे, विषय एका सभेपुरता पुढे ढकलणे, यांस कोणताही नवा कायदा लागत नाही.

न बोलणाऱ्यांविषयीही आम्हांस काही म्हणावयाचे आहे, कारण सर्वच मौनी भयभीत नसतात. ज्याची स्वतःची दहा एकर बागायत आहे, ज्याचा मुलगा पुण्यास नोकरीवर आहे, ज्यास कोणाचे देणे नाही, असा गृहस्थ सभेत तोंड मिटून बसतो आणि संध्याकाळी पारावर सगळ्या ठरावाची चिरफाड करतो, त्यास आम्ही भित्रा म्हणणार नाही. त्यास आम्ही फुकट्या म्हणू. त्याला बोलण्याची किंमत काहीच पडत नव्हती. त्याच्या मौनास संमती धरण्यात कोणाचाही अन्याय नाही, व पारावरच्या त्याच्या वक्तृत्वास कवडीचेही मोल देण्याचे कारण नाही. आमच्या मंडळ्यांच्या कमिट्यांत असले गृहस्थ आढळत नाहीत असे कोणी समजू नये.

आपल्या लोकांस एकमताची मोठी आवड आहे. 'पाचामुखी परमेश्वर' असे आपण म्हणतो, आणि गावात दोन मते पडली की गावाची अब्रू गेली असे वडीलधाऱ्यांस वाटते. ही आवड सर्वस्वी वाईट नव्हे. भाऊबंदकीत व कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यात किती घरे बुडाली हे आपण जाणतो. म्हणूनच २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम निघाली तेव्हा तिचे स्वागत झाले, व पुष्कळ तंटे खरोखर मिटले. परंतु तंटा नसल्याबद्दल गावास बक्षीस मिळू लागले की ज्याची तक्रार खरी आहे तो गावाच्या बक्षिसाच्या आड येणारा ठरतो, हेही विसरता कामा नये.

बिनविरोध निवडणुकीचे असेच आहे. खर्च वाचतो, वैर टळते. पण 'बिनविरोध' या शब्दाच्या पोटात काय काय मावते ते जानेवारी २०२१ मध्ये दिसून आले. नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावी पदांचा लिलाव झाल्याचे आढळले, आणि राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणूक रद्द केली. पैसा गावच्याच कामास जावयाचा होता, आणि सर्व गाव राजी होते, असे अशा वेळी सांगण्यात येते. आम्ही एवढेच विचारतो, की ज्याच्या गाठीस बोलीपुरते पैसे नव्हते तोही राजी होता हे कोणी विचारून पाहिले? ज्याचे मत लिलावात विकले गेले त्याच्या वाट्यास फक्त राजी होणे तेवढे आले.

उलट बाजूचा एक चमत्कार पाहा. दारूचे दुकान बंद करावे म्हणून गावातील स्त्रिया पुढे येतात, तेव्हा आपल्या राज्यात गुप्त मतदान घेण्याची सोय आहे. चिठ्ठीवर उभी बाटली व आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. बंद करावयाचे तर आडव्या बाटलीवर शिक्का मारावयाचा. आणि येथे नियम असा की आडव्या बाटलीस आलेल्यांच्या निम्म्याहून नव्हे, तर यादीत नावे असलेल्यांच्या निम्म्याहून अधिक मते पडली पाहिजेत. जी बाई त्या दिवशी माहेरी गेली, जी आजारी पडली, जिला नवऱ्याने घराबाहेर पडू दिले नाही, तिचे मौन दुकानदाराच्या पदरात पडते. गटाराच्या ठरावात मौन म्हणजे 'होय'. बाटलीच्या मतदानात मौन म्हणजे 'नको'. मौन बिचारे मुके असल्याने दोन्हीकडे ज्याची सोय त्याने आपल्या बाजूस ओढलेले आहे. मात्र या मतदानातील गुप्ततेची योजना अत्यंत शहाणपणाची आहे, हे सांगितले पाहिजे. सभेत सासऱ्यासमोर हात वर न करणारी सून पडद्याआड शिक्का मारू शकते. बोलण्याची किंमत कमी करणे म्हणतात ते हेच.

ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, हा नियमही त्याच समजुतीचा आहे. पंचायतीतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांकरिता राखीव आहेत. तरीही काही ठिकाणी सरपंचबाई खुर्चीवर आणि उत्तरे देणारे यजमान शेजारी, असा देखावा आम्ही पाहिला आहे. खुर्ची मिळाली म्हणजे आवाज मिळतोच असे नाही. पण जेथे स्त्रियांची निराळी सभा खरोखर भरते, कागदावर भरत नाही, तेथे पाण्याचा व शौचालयाचा विषय पुरुषांच्या सभेपुढे येतो तो आधीच बोललेला, घोटलेला असा येतो, व त्याला नुसत्या मौनाने गिळता येत नाही.

मग एकमत नकोच काय? तसे आमचे म्हणणे नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड लोकांचे लहान गाव आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय करीत नाही. सर्वांची सहमती झाली पाहिजे असा तिचा नियम. परंतु तेथे एकाचाही नकार असला तर विषय पुढे ढकलतात व पुन्हा चर्चा करतात. निर्णयापूर्वी समजून घेण्याकरिता निराळा अभ्यासगट बसतो. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या खटपटीने ही रीत तेथे रुजली. याच गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. दोन्हीकडे शब्द एकच, 'सर्वानुमते'. पण मेंढ्यास तो एकेका नकाराची समजूत पटल्यावर लिहितात, आणि आपल्याकडे नकार तोंडातून निघण्यापूर्वी.

प्राचीन यहूदी न्यायसभेची एक रीत येथे आठवते. प्राणदंडाच्या खटल्यात मत विचारावयाचे ते कनिष्ठापासून, म्हणजे वडिलांचे मत ऐकून धाकटा दबू नये. आणि तालमूदात याहूनही विलक्षण नियम आहे: सर्वच्या सर्व न्यायाधीशांनी आरोपीस दोषी ठरविले तर त्यास सोडून द्यावे. आरोपीच्या बाजूने बोलणारा एकही निघाला नाही, तेव्हा विचार नीट झालाच नाही, असे त्या शास्त्र्यांस वाटले. ग्रामसभेस हा नियम जसाच्या तसा लावता यावयाचा नाही, हे उघड आहे. नाहीतर एकही दिवा लागणार नाही. पण पूर्ण एकमत दिसताच आनंद मानण्याऐवजी किंचित संशय घ्यावा, एवढे त्यातून घेण्यास काय हरकत?

राहता राहिली वही. २०२४ पर्यंत ज्यांस ग्रामसेवक म्हणत व आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांच्या हाती ती असते. एकेकाकडे दोनतीन गावे, डोक्यावर शंभर कामे, तेव्हा त्यांस उपदेश करण्याची आमची इच्छा नाही. तथापि 'विषयावर तिघे बोलले, विरोध कोणी नोंदविला नाही' असे लिहिण्यास 'सर्वानुमते' पेक्षा फार तर पाचसहा शब्द अधिक लागतात. पहिले वाक्य सत्य आहे. दुसऱ्याविषयी तसे सांगता येत नाही. आणि वही एकदा लिहिली म्हणजे बदलत नाही असेही नव्हे. प्रत्येक सभेचा पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हाच असतो. 'त्या सर्वांत मी नव्हतो' असे कोणास म्हणावयाचे असेल तर त्याची वेळ तीच. तो विषय बहुधा लोक दाराशी चपला काढीत असतानाच उरकला जातो.