पैसा द्यायचा तर गावाच्या हाती द्या

आंबोली

चि. बाय,

तुझ्या कंपनीने सामाजिक निधीतून आपल्या भागातल्या गावगटांना मदत करायचे ठरवले आणि ते काम तुझ्याकडे आले, हे वाचून समाधान वाटले. कोणाला द्यावे, कसे द्यावे, असे तू विचारलेस. मनापासून सांगतो.

आधी गावाकडे काय आहे ते बघ. आपल्या आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडातला मासा २०२० साली नवी प्रजाती म्हणून नोंदवला गेला आणि २०२१ साली सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. पण कागद निघण्याच्या कितीतरी आधीपासून गावाने ते पाणी देवाचे म्हणून राखले होते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. त्यांना बाहेरून पाठबळ आणि प्रशिक्षण मिळाले, ते मोलाचेच. पण खाडी त्यांना शिकवावी लागली नाही, ती त्यांच्या रोजच्या वावरातली. गावाला जे येते त्याला जोड दे, मुंबईत ठरवलेले काम गावावर लादू नकोस.

आता अडचणीचे बोलतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातला दोन टक्के सामाजिक निधी एखाद्या संस्थेमार्फत खर्च करायचा, तर तिच्याकडे साधारणपणे प्राप्तिकराची १२-अ आणि ८०-जीची नोंदणी लागते, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नावही नोंदवावे लागते. गावातल्या बचत गटाकडे हे कुठून असणार? म्हणून मध्ये एखादी मोठी संस्था येते. येऊ दे. फक्त करारातच लिहून घे, की कोणत्या वर्षी कोणते काम, कोणता हिशेब आणि कोणता निर्णय गावगटाकडे जाणार. मधल्या संस्थेची गरज वर्षागणिक कमी झाली पाहिजे. ती वाढत असेल, तर पैसा चुकीच्या जागी मुरतो आहे असे समज.

दुसरे, आर्थिक वर्ष संपते म्हणून मार्चमध्ये खर्चाची घाई करू नकोस. इथे जूनपासून धुके आणि पाऊस. मार्चमध्ये मंजूर झालेला पैसा मे अखेरीस हाती आला तर बाहेरचे काम ऑक्टोबरवर जाते, आणि मग घाईत फलक लागतो, फोटो निघतात. प्रकल्प सुरुवातीलाच बहुवर्षीय म्हणून मंजूर करून घे. उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करायची सोय कायद्यातच आहे.

तिसरे, साहित्यासोबत माणसासाठीही पैसे धर. शिलाई यंत्र, होडी, शेड यांना देणगीदार मिळतात. हिशेब लिहिणारी मुलगी, लेखापरीक्षण, बैठकीसाठी बुडालेली मजुरी यांना कोणी विचारत नाही. गट टिकतो तो याच खर्चावर.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेव. २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू विकू लागली. त्याआधी वर्षानुवर्षे तिथली माणसे अभ्यासगटात बसत होती, वाद घालत होती, सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबत होती. अशा बसण्याला पैसा थोडा लागतो, वेळ फार लागतो. देणाऱ्याला तेच जड जाते.

आंबोलीत येशील तेव्हा गटाच्या अध्यक्षांशी नुसते बोलून परत जाऊ नकोस. बैठकीत मागे बसलेल्या बाईला विचार, खात्यात किती रक्कम आहे आणि ती कोणाच्या सहीने निघते. तिला सांगता आले, तर त्या गटाला निर्धास्त दे. नाही सांगता आले, तरी पाठ फिरवू नकोस. पहिल्या वर्षाची मदत तिला ते कळावे यासाठीच दे.

कळावे,
तुझा मामा