हक्क नसलेली आशा

ज्या घटनेच्या घडण्यात माणसाचा तिळमात्र हात नसतो, तिच्याविषयी त्याने आशा बाळगणे विवेकाला धरून आहे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानात जितका चर्चिला जायला हवा होता तितका चर्चिला गेलेला नाही. आशेचा विचार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा कोणी ना कोणी कर्ता असतो: शेतकरी पेरणी करून पावसाची वाट पाहतो, रोगी औषध घेऊन बरे होण्याची, साधक साधना करून मुक्तीची, आणि या प्रत्येकाच्या आशेला त्याच्या स्वतःच्या कृतीचा काही तरी आधार असतो. एखाद्या क्रीडासंघाच्या पाठीराख्याला असा आधार नाही. गीतेने कर्मावर अधिकार आणि फलावर अनधिकार अशी जी विभागणी केली आहे तिच्यात त्याला जागाच सापडत नाही, कारण खेळाडूला निदान कर्माचा अधिकार आहे, तर पाठीराख्याच्या वाट्याला कर्मही येत नाही आणि फळही येत नाही. तरीही दर वर्षी सप्टेंबर महिन्यात, आइस हॉकीचा नवा हंगाम उघडण्यापूर्वी, कॅनडातील लाखो माणसे हंगामाअखेर, पुढच्या जूनमध्ये, काय घडेल याचा विचार इतक्या गांभीर्याने करतात की त्या विचाराला निव्वळ करमणूक म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघाच्या 2025–26 च्या हंगामाकडे त्याचे पाठीराखे ज्या भावनेने पाहत होते, ती या प्रश्नाच्या तपासणीसाठी फार सकस सामग्री पुरवते.

हा संघ 1909 मध्ये स्थापन झाला, म्हणजे आज ज्या नॅशनल हॉकी लीगमध्ये तो खेळतो तिच्याही आठ वर्षे आधी. बर्फावर स्केट्स घालून, लांब काठीने रबराची चपटी चकती प्रतिपक्षाच्या जाळ्यात ढकलण्याच्या या खेळात सर्वोच्च मान स्टॅनली कपला आहे. कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांनी 1892 मध्ये दिलेला हा चषक कॅनेडियन्सनी 24 वेळा जिंकला, आणि इतक्या वेळा तो दुसऱ्या कोणत्याही संघाला जिंकता आलेला नाही. क्वेबेक हा कॅनडातील फ्रेंचभाषक प्रांत. तेथे 1960 पर्यंत शाळा, रुग्णालये आणि कुटुंबाचे खासगी जीवनही कॅथलिक चर्चच्या छायेखाली होते. 1960 नंतरच्या दशकात, ज्या स्थित्यंतराला तेथे 'शांत क्रांती' म्हणतात त्यात, ही सत्ता झपाट्याने ओसरली. प्रार्थनामंदिरे ओस पडत गेली, परंतु धर्माची शब्दसंपदा मात्र रिंकवर टिकून राहिली: संघाचा लाल-पांढरा-निळा पोशाख 'पवित्र फ्लॅनेल' म्हणून ओळखला जातो, गोलरक्षक पॅट्रिक रॉय याला 'संत पॅट्रिक' म्हटले गेले, आणि 2000 मध्ये मॉरिस रिशार या महान आघाडीवीराचा मृत्यू झाला तेव्हा त्याचा अंत्यविधी शासकीय इतमामाने नोत्र-दाम बॅसिलिकात झाला. 1996 च्या मार्चमध्ये संघाने फोरम हे आपले जुने क्रीडागार सोडले, त्या रात्री माजी कर्णधारांनी एक पेटती मशाल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती दिली. मॉन्ट्रियल विद्यापीठात ईश्वरशास्त्राचे अध्यापक ऑलिव्हिए बोएर यांनी 2009 मध्ये या संघाच्या 'धर्मा'वर स्वतंत्र अभ्यासक्रमच शिकवला.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1912 मध्ये धर्माची जी व्याख्या केली, तिच्यानुसार पवित्र मानलेल्या वस्तूंविषयीच्या श्रद्धा आणि आचार जेव्हा माणसांना एका नैतिक समुदायात गुंफतात तेव्हा धर्म सिद्ध होतो. देव असलाच पाहिजे अशी तिची अट नाही. या मापाने मॉन्ट्रियलची हॉकी धर्माच्या बरीच जवळ जाते. पण येथे थांबणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. बाह्य विधींचे साम्य दाखवल्याने आशेच्या आतल्या स्वरूपाविषयी काहीच कळत नाही, आणि खरा प्रश्न तर तेथेच आहे.

तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वचिंतक थॉमस अक्वायनस यांनी आशेच्या विषयाची चार लक्षणे सांगितली: तो चांगला असावा, भविष्यातील असावा, मिळण्यास कठीण असावा आणि तरीही शक्य असावा. यांपैकी तिसरे लक्षण निर्णायक आहे, कारण जे सहज मिळणार आहे त्याची माणूस अपेक्षा करतो, आशा करीत नाही. या भेदाच्या प्रकाशात संघाचा इतिहास वाचला तर एक अनपेक्षित गोष्ट दिसते. 1942 ते 1967 या काळात लीगमध्ये अवघे सहा संघ होते, आणि 1956 ते 1960 अशी सलग पाच वर्षे कप मॉन्ट्रियलकडेच राहिला. 1976 ते 1979 या चार वर्षांतही तसेच घडले. त्या काळातील पाठीराख्याच्या मनात हंगामापूर्वी जे असे ते अपेक्षेच्या कोटीतले होते. शेवटचा कप 1993 मध्ये आला, ज्या वर्षी बाद फेरीतील दहा सामने या संघाने जादा वेळेत ओळीने जिंकले, आणि त्यानंतर 2025 पर्यंत ना मॉन्ट्रियलने तो जिंकला ना कॅनडातील दुसऱ्या कोणत्याही संघाने. आता लीगमध्ये 32 संघ आहेत. नियमित हंगामानंतर त्यांतले 16 बाद फेरीत जातात आणि विजेत्याला तेथे आणखी 16 सामने जिंकावे लागतात. 32 संघांना समान संधी आहे असे धरले तर सरासरीने एका संघाच्या वाट्याला 32 वर्षांत एकच विजेतेपद येते, आणि 1993 पासून 2025 पर्यंत नेमकी 32 वर्षे भरतात. ज्याला पाठीराखे दुष्काळ म्हणतात तो समान वाटणीच्या जवळपास आहे, ही गोष्ट पचायला जड असली तरी मोलाची आहे, कारण खरी आशा या संघाच्या वाट्याला याच काळात आली. जुने वैभव ही तिची जननी नाही. ते तिला वारंवार अपेक्षेकडे खेचून बिघडवते.

आशेच्या बिघाडाचा दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. 2021 च्या उन्हाळ्यात हा संघ अंतिम फेरीत टॅम्पा बे संघाकडून हरला आणि पुढच्याच हंगामात लीगमध्ये सर्वांत शेवटी आला. लीगमध्ये नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीला ड्राफ्ट म्हणतात, आणि त्यात तळाच्या संघांना वरच्या निवडीची अधिक संधी देणारी सोडत असते; त्यामुळे पराभवालाच एक प्रकारचे मूल्य येते. मॉन्ट्रियलला 2022 मध्ये पहिली निवड मिळाली आणि तिच्यातून युराय स्लाफकोव्स्की आला. तेव्हापासून 'पुनर्बांधणी' हा शब्द पाठीराख्यांच्या तोंडी असा रुळला की प्रत्येक हार भावी विजयाचा हप्ता म्हणून सोसली जाऊ लागली. ईश्वरशास्त्रात ज्याला ईश्वरसमर्थन म्हणतात, म्हणजे जगातील दुःखाला एखाद्या उच्चतर योजनेचा भाग ठरवून ईश्वराच्या न्यायाचा बचाव करणे, त्याचेच हे लौकिक रूप आहे. त्याचे आकर्षण उघड आहे, कारण निरर्थक दुःखापेक्षा सार्थ दुःख सोसणे माणसाला नेहमीच सोपे जाते.

पण घटनांनी या समर्थनाला पुरता आधार दिलेला नाही. त्याच 2022 च्या ड्राफ्टमध्ये लेन हट्सन हा चणीने लहान असलेला बचावपटू 62 व्या क्रमांकावर निवडला गेला. 61 नावे त्याच्या आधी पुकारली गेली होती आणि खुद्द मॉन्ट्रियलने त्यांतली तीन उचलली होती. हट्सनने 2024–25 च्या हंगामात 66 गुण मिळवले, उत्कृष्ट नवोदिताला मिळणारा कॅल्डर करंडक पटकावला, आणि संघ बाद फेरीत परतला, जरी तेथे तो वॉशिंग्टनकडून पाच सामन्यांत हरला. स्लाफकोव्स्कीची योग्यता नाकारण्याचे कारण नाही, पण पराभवाच्या मोबदल्यात मिळाला तो पहिला क्रमांक, आणि सर्वांत मोठा आनंद दिला तो 62 व्या क्रमांकाने. दुःख जमा करून त्याच्या व्याजावर सुख काढता येते हा हिशेब येथे चुकतो. ख्रिस्ती परंपरा ज्याला कृपा म्हणते आणि भक्तिपरंपराही ज्याला कृपाच म्हणते, म्हणजे जे पुण्याईच्या प्रमाणात मिळत नाही, त्याच्या अधिक जवळचे असे काही तरी तेथे घडले. ज्या आशेला स्वतःच्या सोसण्याची पावती दाखवून फळ मागायचे असते, तिला अशी देणगी नीट ओळखताही येत नाही.

मागणी करणारी आशा किती क्रूर होऊ शकते हे 2 डिसेंबर 1995 रोजी फोरममध्ये दिसले. डेट्रॉइटविरुद्ध संघ शेवटी 11–1 असा हरला, त्यांतले नऊ गोल पॅट्रिक रॉयच्या जाळ्यात शिरले, आणि मध्येच त्याने एक साधा फटका अडवला तेव्हा प्रेक्षकांनी कुत्सितपणे टाळ्या वाजवल्या. दोनच वर्षांपूर्वी ज्याच्यामुळे कप आला होता त्याची ही अवहेलना होती. रॉयने त्याच रात्री संघाच्या अध्यक्षांना सांगून टाकले की मॉन्ट्रियलसाठीचा हा आपला शेवटचा सामना. चार दिवसांत तो कोलोरॅडोकडे गेला आणि 1996 चा कप त्या संघाने जिंकला. मॉन्ट्रियलने त्याचा 33 हा क्रमांक सन्मानाने निवृत्त केला तो 2008 मध्ये. या प्रसंगाचा दोष प्रशिक्षक, व्यवस्थापन, खेळाडू यांच्यात कसा वाटावा याची चर्चा पुष्कळ झाली आहे; त्या टाळ्यांची चर्चा त्या मानाने कमी झाली. गीता भक्तांच्या चार प्रकारांत अर्थार्थी भक्ताला, म्हणजे काही मिळावे म्हणून भजणाऱ्यालाही, उदार म्हणते आणि बाहेर काढत नाही. तेव्हा कप हवासा वाटणे हा दोष नव्हेच. दोष तेव्हा सुरू होतो जेव्हा हवे असणे हे येणे असल्यासारखे वसूल केले जाऊ लागते.

विसाव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी हीच सीमा आखली. त्यांच्या मते अमुक घडेल असे धरून बसणे आणि कोणावर तरी आशा ठेवणे या भिन्न वृत्ती आहेत: पहिली वास्तवाला अटी घालते, म्हणून अट मोडताच निराशेत कोसळते, तर दुसरी नात्यातून उगवते आणि म्हणून पराभवानंतरही तिला उभे राहायला जमीन उरते. मार्सेल यांच्या विचारात अशा आशेचा अंतिम आधार ईश्वर आहे, आणि तो आधार एका हॉकी संघाकडे सोपवणे ही मूर्तिपूजा ठरेल, हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. त्याला उत्तर इतकेच देता येते की पाठीराख्याने संघाला जीवनाचे परम साध्य मानू नये; मर्यादित वस्तूवर मर्यादा ओळखून केलेली निष्ठा परम निष्ठेची जागा बळकावत नाही. मूळ प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. पाठीराख्याच्या आशेने निकाल बदलत नाही, म्हणून साधन या नात्याने ती निरर्थक आहे. पण ती जर नात्याचे रूप असेल तर साधन म्हणून तिची परीक्षा घेणेच चुकीचे आहे, आणि या अर्थाने ती विवेकाला सोडून नाही.

2025–26 च्या हंगामाच्या तोंडावर आशेला कारणे भरपूर होती. न्यूयॉर्क आयलंडर्सकडून नोआ डॉब्सन हा बचावपटू आला होता, कर्णधार निक सुझुकी आपल्या तोवरच्या सर्वोत्तम हंगामातून बाहेर पडला होता, आणि 2024 मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेला रशियन तरुण इव्हान डेमिडॉव्ह, ज्याने 2025 च्या एप्रिलमध्ये पहिल्याच सामन्यात गोल केला, तो आता पूर्ण हंगाम खेळणार होता. त्या वेळी त्याचे वय 19 होते, हट्सन आणि स्लाफकोव्स्की 21 वर्षांचे होते. 1993 मध्ये या तिघांपैकी कोणाचाही जन्म झालेला नव्हता, आणि तेव्हापासूनच्या वर्षांचे कोणतेही देणे त्यांच्या नावावर निघत नाही. बेल सेंटर या संघाच्या आजच्या क्रीडागारात सुमारे 21,000 माणसे बसतात. एखाद्या रात्री डेमिडॉव्हच्या काठीतून चकती निसटेल आणि तिच्यातून गोल होईल, तेव्हा त्या 21,000 जणांनी त्याला कुत्सित टाळी ऐकू येऊ देऊ नये.