विमानतळाबाहेरचे धर्मसंकट

विमानात बसलेल्या माणसापुढे धर्मसंकट उभे राहत नाही. पट्टा बांधा म्हटले की बांधायचा आणि वैमानिक नेईल तिकडे जायचे, एवढाच तेथला धर्म. विमान उतरले, सामान हाती आले, की मनुष्य पुन्हा कर्ता होतो. आता घरी जायचे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. तुम्ही म्हणाल, यात कसला आला धर्म? भाडे पाहावे, वेळ पाहावा आणि निघावे. मीही कालपरवापर्यंत असेच म्हणत होतो.

आम्हा गिरगावकरांना मुंबईच्या विमानतळावरून घरी यायला वाटा पुष्कळ. रिक्षा करून अंधेरी किंवा पार्ले गाठावे आणि लोकलने चर्नी रोडला उतरावे, ही जुनी वाट. सबंध प्रवास रिक्षाने करू म्हटले तर सोय नाही. वांद्रे आणि शीव यांच्या अलीकडे शहरात रिक्षाला मज्जाव आहे. दुसरी वाट टॅक्सीची. काळ्यापिवळ्या पद्मिनी २०२३ साली रस्त्यावरून गेल्या, पण टॅक्सी राहिली. ती वांद्र्याहून सागरी सेतूवर चढते आणि समुद्राच्या कडेकडेने आणून सोडते. मात्र भाडे मास्तराच्या खिशाला घाम फोडणारे. तिसरी वाट नवी. आरे ते कफ परेड ही मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात पुरी झाली. तिची सत्तावीस स्थानके, आणि आरे सोडले तर सारी भुईखाली. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना तिचे स्थानक आहे आणि आमच्या गिरगावलाही आहे. सुरू झाली तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंतचे तिकीट होते ७० रुपये!

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझी आई बंगळूरहून परत यायची होती. सहा महिने ती धाकट्याकडे होती. आदल्या रात्री त्याचा फोन आला. "दादा, आईला चांगल्या गाडीनंच ने हं. पैशांची काळजी करू नकोस, मी पाठवतो."

त्याच्या मनात काही वावगे नव्हते. पण 'पैशांची काळजी करू नकोस' हे वाक्य मला रात्रभर बोचत राहिले. थोरला मी. आईला घरी आणायला मला धाकट्याचे पैसे लागावेत? सकाळपर्यंत माझ्यापाशी मेट्रोच्या बाजूने बिनतोड युक्तिवाद तयार झाला. एका माणसासाठी अख्खी मोटार रस्त्यावर आणणे हा समाजाचा अपराध आहे. जी गाडी हजारांना चालते ती माझ्या आईला का चालू नये. शिवाय रस्त्यावर वाहने तुंबतात, भुयारात तुंबत नाहीत. यातले एकही वाक्य खोटे नव्हते, हीच तर खरी गोम!

आई आली. तिला मेट्रोत बसवले. सरकत्या जिन्याला ती भ्यायली, म्हणून लिफ्ट शोधून काढली. गाडी थंडगार, स्वच्छ, बसायला जागा. मी तिला प्रत्येक स्थानकाचे नाव सांगत होतो आणि ती मान हलवीत होती. गिरगावला वर आलो, चाळीपर्यंत चालत गेलो, आणि पहिल्या मजल्यावर गुडघा धरून ती पायरीवर टेकली.

"बघ, किती लवकर आलो!" मी म्हणालो.

"आलो खरं," ती म्हणाली. "पण अरे, सहा महिन्यांनी मुंबईत आले आणि मुंबई काही दिसली नाही. वाटलं होतं, समुद्र दिसेल."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच मला ते लागले.

तेव्हापासून मी विचार करतो आहे. धाकट्याला गाडी हवी होती. तीत त्याची माया होती आणि थोडे वैभवही होते. मला मेट्रो हवी होती; तीत माझे तत्त्व होते आणि बराचसा मान होता. दोघांनी मिळून आईचा प्रवास ठरवला आणि आईला मात्र कोणीच विचारले नाही. गाडी केली असती तर तिला समुद्र दिसला असता हे खरे, पण तो योगायोगाने. अहंकार उघड्या अंगाने आला तर आपण त्याला दारातच ओळखतो. तो काटकसरीचा किंवा समाजहिताचा सदरा घालून आला की त्याला पाट मांडून बसवतो. युक्तिवाद खरा असणे निराळे आणि आपण तो कशासाठी केला हे निराळे. वर्गात मुलांच्या वह्या तपासताना उत्तराइतकीच रीत पाहणारा मी मास्तर; स्वतःची वही तपासताना मात्र नुसते उत्तर पाहून बरोबरची खूण केली.

यावर कोणी म्हणेल, विचारून काय उपयोग? आमच्या आया 'कशानेही चालेल' असेच म्हणतात. खरे आहे. दुसऱ्याला तोशीस पडू नये म्हणून इच्छा गिळायची, ही त्यांची जन्माची सवय. पण त्यांनी ती गिळावी म्हणून आपण एकदाच विचारतो आणि सुटतो, हेही तितकेच खरे. पाहुण्याला पुरणपोळीचा आग्रह आपण तीनदा करतो. मग मन विचारताना एकदाच का विचारावे?

पुढच्या खेपेला ती निघण्याआधी मीच फोन केला. "आई, विमानतळावरून कशानं यायचं?"

"कशानंही चालेल रे."

मी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदाही विचारले. पलीकडे क्षणभर शांतता.

"पाऊस असला तर तुझ्या त्या भुयारातनं," आई म्हणाली. "आणि नसला तर समुद्रावरनं. पण भाडं मी देणार. तुम्ही दोघं त्यात पडू नका."

मी बरे म्हटले. फोन ठेवल्यावर खिडकीतून आभाळाकडे पाहिले आणि ढग नाहीत याचा मला मनापासून आनंद झाला.