दोन सेकंदांचा लिहाज

धर्माबादच्या बाजारातून मिरची भरून निघालेला ट्रक तेलंगणची हद्द ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ४४ ला लागतो. नागपूर-हैदराबादचा हा रस्ता चौपदरी, म्हणजे एका बाजूला दोनच पट्टे. पुढे दुसरा ट्रक असतो, किंचित संथ. आपला ट्रक उजवीकडे येतो, बरोबरीला लागतो आणि दीड-दोन मिनिटे दोघे खांद्याला खांदा लावून चालत राहतात. मागे मोटारींची रांग, हॉर्न, शिव्या. ‘अडाणी लोक, दुसऱ्याच्या वेळेची किंमत नाही,’ असा निवाडा काचा बंद केलेल्या गाडीत लगेच दिला जातो. हा निवाडा न्यायाचा आहे काय?

आधी गणित पाहू; सातवीच्या मुलाला जमेल असे आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकना वेगनियंत्रक सक्तीचा झाला. मर्यादा ताशी ८० किलोमीटर. पण टायरची झीज आणि यंत्राची जुळणी सारखी नसते. एक ८० वर अडतो, दुसरा ७८ वर. बारा-बारा मीटरचे दोन ट्रक आणि मागे-पुढे वीस-वीस मीटर मोकळी जागा धरली, तर ६४ मीटरचे अंतर तोडायचे असते. ताशी दोन किलोमीटरच्या फरकाने त्याला ११५ सेकंद लागतात. तेवढ्यात दोघे अडीच किलोमीटर पुढे गेलेले असतात. ड्रायव्हरने पाय कितीही दाबला तरी यंत्र ऐकत नाही. समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० आणि ट्रकला ८० ची मुभा आहे. हा संथपणा ड्रायव्हरचा आळस नव्हे, सरकारनेच तो ठरवून दिला आहे, आणि सुरक्षिततेसाठी तो योग्यही आहे.

मग दोन किलोमीटरसाठी ही खटपट कशाला? आठ तासांत त्याचे सोळा किलोमीटर होतात, म्हणजे बारा मिनिटे. मोटारवाल्याला ती चहात जातात. ट्रकवाल्याच्या बाबतीत ती शहराची नो-एंट्री लागण्याआधी आत शिरणे किंवा गोदामापुढच्या रांगेत नंबर लागणे असू शकते. (१९६१ च्या कायद्याने मोटार वाहतूक कामगाराचा दिवस आठ तासांचा ठरवला होता. तो किती पाळला जातो, हे वाचकांनी एखाद्या ढाब्यावर विचारून पाहावे.)

माझ्या मते खरा प्रश्न ओव्हरटेक करणाऱ्याचा नाहीच. तो डाव्या पट्ट्यातल्या दुसऱ्या ट्रकचा आहे, ज्याला कोणी शिवी देत नाही. त्याने पाय थोडा सैल करून वेग ७५ वर आणला, तर ११५ सेकंदांचे काम ४६ सेकंदांत उरकते. यात त्याचे स्वतःचे नुकसान किती? जेमतेम दोन सेकंद. मागच्या प्रत्येकाची वाट मात्र मिनिटाहून अधिक आधी मोकळी होते. जर्मनीत अशा ओव्हरटेकला ‘हत्तींची शर्यत’ म्हणतात. तिथल्या हाम येथील न्यायालयाने २००८ मध्ये त्यासाठी ४५ सेकंदांचे माप सांगितले. दंड मात्र तिथेही ओव्हरटेक करणाऱ्यालाच.

आपला नियम सांगतो की, कोणी पुढे जात असता आपला वेग वाढवू नये, त्याला अडवू नये. वेग कमी करावा, असे तो म्हणत नाही. कायद्याने अडवू नको इतकेच सांगितले. वाट करून देणे माणसावर सोडले. उर्दूत यासाठी लिहाज हा शब्द आहे. भीती नव्हे, उपकारही नव्हे; समोरच्याचे अस्तित्व मनात धरून आपले वागणे थोडे आवरणे. आमच्या घरांत तो मुलांना मोठ्यांपुरता शिकवला जातो. मागच्या, न दिसणाऱ्या, कधीच न भेटणाऱ्या माणसाचाही लिहाज असतो, हे शिकवायचे राहून जाते.

पण हे लिहिताना मला एक अडचण दिसते. पस्तीस टनांच्या गाडीचा गेलेला वेग परत आणायला डिझेल लागते, आणि डिझेलचा हिशेब मालक मागतो. दोन सेकंद आपण त्या माणसाकडे मागतो आहोत, ज्याला मालक वेळ देत नाही, गोदामवाला देत नाही, नाक्यावरचा शिपाई तर नाहीच. मागच्या मोटारीतला, ज्याच्याकडे वेळ सर्वांत जास्त आहे, तो या हिशेबात काय घालतो? त्याने निदान डिपर मारणे थांबवावे आणि डावीकडून घुसू नये. रात्री पुढे निघालेल्या ट्रकला मागचा ट्रकवाला दिव्याची उघडझाप करून ‘आता आत ये’ असे सांगतो, हा रिवाज मोटारवाल्यांनी बहुधा पाहिलेला नसतो.