घरधन्यानें जाऊन सांगावें

शास्त्रभाग : लेवीय १४:३३-५३, मार्क १:४०-४५



लेवीयाच्या पुस्तकाचे तेरावा व चौदावा हे अध्याय आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचले जातात. चट्टा कसा, केंस कोणत्या रंगाचा, सात दिवस कोंडावें कीं चौदा, हें वाचतां वाचतां उपदेशकालाही वाटतें कीं यांत उपदेश तो कोठला? परंतु चौदाव्या अध्यायाच्या उत्तरार्धांत घरासंबंधानें एक आज्ञा आहे, ती आपल्या गांवोगांवच्या घरांस लागू पडणारी आहे. घराच्या भिंतीस चट्टा पडलासा वाटला तर काय करावें? शेजाऱ्यानें चहाडी करावी असें तेथें लिहिलेलें नाहीं. याजकानें दारोदार फिरून भिंती तपासाव्या असेंही नाहीं. ज्याचें घर त्यानेंच उठून याजकाकडे जावें, आणि माझ्या घरांत असें कांहीं दिसूं लागलें आहे हें आपल्या तोंडानें कळवावें. मग याजकानें काय करावें? आंत पाऊल घालण्यापूर्वींच घरांतील सामान बाहेर काढवावें, नाहीं तर तें सारें अशुद्ध ठरेल. गरिबाचीं मडकीं व अंथरुणें वांचावीं इतकी बारीक काळजी त्या नियमांत आहे. ज्यांना मोशेचें नियमशास्त्र कठोर वाटतें त्यांनीं हें एक वचन शांतपणें वाचून पाहावें.

मी ज्या दुखण्याविषयीं बोलणार आहें तें भिंतीचें नव्हे, अंगाचें आहे. तें म्हणजे खरूज. लेवीयांतील चट्टा म्हणजेच खरूज, असें मात्र मी म्हणत नाहीं. तेथील इब्री शब्द अनेक प्रकारच्या डागांना, कपड्याच्या व भिंतीच्या डागांनाही, लाविलेला आहे. दोहोंची गल्लत केल्यानें पुष्कळ निरपराध्यांना दुःख झालें आहे.

एका घराची गोष्ट सांगतों. अशीं घरें तुमच्याही गांवीं असतील. म्हातारी सासू, मुलगा, सून आणि तीन लेकरें. पहिल्यानें मधल्या मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या आल्या. दुकानांतून मलम आणून त्याला लाविलें. आठ-दहा दिवसांनीं बरें वाटलें. महिना गेला नाहीं तों धाकट्या मुलीस खाज सुटली. तिला मलम लाविलें. ती बरी होते न होते तों मधला पुन्हा खाजवूं लागला. असें वर्षभर चाललें. सून बाळंतपणाहून माहेराहून आली त्यानंतरच हें सुरू झालें, असें सासूनें मनांत धरलें, आणि सुनेचें अंथरूण ओसरीवर गेलें व पाण्याचा तांब्या वेगळा झाला. नवऱ्याच्या कमरेलाही खाज होती, पण तो कोणाशीं बोलला नाहीं. रात्रीं मळ्यांत निजावयास जाई. शाळेनें मुलाला बरा होईपर्यंत घरीं ठेवावयास सांगितलें. अखेर मंडळींतील एका वडील मनुष्यानें अनुवाद अठ्ठाविसावा अध्याय उघडून, सत्ताविसाव्या वचनावर बोट ठेवून, त्या घरधन्यास आपलें पाप शोधावयास सांगितलें. त्या रविवारापासून तें कुटुंब उपासनेस येईनासें झालें.

पहिल्यानें त्या वचनाविषयीं. त्या यादींत खाजेच्या रोगाचें नांव आहे, हें खरें. परंतु तो अध्याय सर्व राष्ट्राशीं केलेल्या कराराचा आहे. कोणा लेंकराच्या बोटांवरील पुटकुळ्यांवरून त्याच्या बापाचें पाप ओळखावें म्हणून तो दिलेला नाहीं. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं हाच प्रश्न विचारला असतां प्रभूनें त्या मनुष्याचें पापही नाकारलें व त्याच्या आईबापांचेंही, हें योहानाच्या नवव्या अध्यायांत आहे. ईयोबाचें अंग तळपायापासून टाळूपर्यंत फोडांनीं भरलें तेव्हां त्याच्या मित्रांनीं पुष्कळ धर्मबोध केला. पण पुस्तकाच्या शेवटीं देवाचा क्रोध कोणावर झाला? ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर. शास्त्रवचन हातीं घेऊन दुःखिताच्या दारीं जाणाऱ्यानें तें प्रकरण आधीं स्वतःपुरतें वाचावें.

आतां सुनेविषयीं. खरूज ही एका बारीक किड्यामुळें होते. तो अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतो. मादी कातडींत बीळ करून रोज दोन-तीन अंडीं घालते, तीं तीन-चार दिवसांत फुटतात, आणि पुढें सुमारें दोन आठवड्यांत तीं पिलें मोठीं होतात. ज्याला पूर्वीं कधीं खरूज झालेली नाहीं त्याला किडा अंगावर आल्यावर लगेच खाज सुटत नाहीं. चार ते सहा आठवडे तो कांहींच जाणत नाहीं. त्या काळांत तो जेवतो, हिंडतो, लेंकराला कुशींत घेऊन निजतो, आणि आपल्याकडचा किडा दुसऱ्यास देतो. उलट ज्याला एकदां होऊन गेली आहे त्याला पुन्हां लागण झाली तर एक ते चार दिवसांतच खाज सुटते. ज्यानें आधीं खाजविलें त्यानेंच दुखणें आणलें असें म्हणतां येत नाहीं. सासू, सून, शाळेंतलें मूल, बाजाराच्या गांवीं मुक्काम करून आलेला बाप, यांपैकीं कोण पहिला, हें देवाखेरीज कोणास ठाऊक नाहीं. ओसरीवर टाकलेल्या त्या अंथरुणाला वैद्यकाचाही आधार नाहीं आणि शास्त्राचाही नाहीं.

बायकांना मात्र या रोगाचें ज्ञान वैद्यांच्या आधीं होतें. इटलींत जोव्हानी कोसिमो बोनोमो नांवाच्या वैद्यानें १६८७ सालीं हा किडा सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहून लोकांपुढें मांडला. पण गरीब आया आपल्या लेकरांच्या अंगांतून तो सुईनें काढतात, हें पाहूनच तो त्या शोधाकडे वळला होता. मोठमोठ्या वैद्यांनीं तें फार दिवस मानलें नाहीं. अखेर १८३४ सालीं पॅरिसमध्यें कॉर्सिका बेटाच्या एका विद्यार्थ्यानें, आपल्याकडच्या बायका काढतात तसाच तो काढून दाखविला. आपल्या महिला मंडळांतील आयांना हें अवश्य सांगा.

तर मग रोग पुनःपुन्हां कां येतो? औषध खोटें म्हणून नव्हे. एकेकाला औषध लाविलें म्हणून. मधला बरा झाला त्या वेळीं धाकटीच्या अंगांत किडा अंडीं घालीत होता. धाकटी बरी झाली तेव्हां बापाच्या. आणि बाप तर लाजेनें मळ्यांत निजत होता! त्याच्या त्या मौनाची किंमत लेकरांनीं वर्षभर भरली. म्हणूनच मी म्हणतों, लेवीयांतील घरधनी धन्य, जो उठून याजकाकडे गेला.

आज आपला याजक या बाबतींत प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर होय. सर्व घरानें जावें, न खाजणाऱ्यांनींही जावें. डॉक्टर बहुधा पर्मेथ्रिन नांवाचें पांच टक्क्यांचें मलम देतात. तें रात्रीं मानेपासून पायांच्या तळव्यांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखालीं, बगलेंत, बेंबीभोंवतीं, गुप्तांगावरही, कोठेंही जागा न सोडतां लावावें, आणि आठ ते चौदा तास राहूं देऊन मग धुवावें. मधेंच हात धुतले तर हातांना पुन्हां लावावें. यांतच पुष्कळांचें चुकतें, कारण बाई मलम लावून भांडीं घासावयास बसते. तान्ह्या मुलांना, गरोदर बायकांना व अगदीं म्हाताऱ्यांना कसें लावावें हें डॉक्टरलाच विचारावें. त्यांच्या बाबतींत नियम थोडे निराळे आहेत. पोटांत घ्यावयाच्या गोळ्याही आहेत, पण त्या आपल्या मनानें घेऊं नयेत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं घरांतील प्रत्येकानें एकाच रात्रीं लावावें. मुलगा वसतिगृहांत असेल, बाप ऊसतोडीवर असेल, तर सर्व जमतील अशी रात्र ठरवा. ज्याला येतांच येत नाहीं त्यानें आहे तेथेंच त्याच रात्रीं लावावें. साधारण आठवड्यानें सर्वांनीं पुन्हां एकदां तसेंच लावावें, म्हणजे मागाहून अंड्यांतून निघालेलीं पिलेंही मरतात. मोशेच्या नियमांतही याजक सातव्या दिवशीं फिरून पाहावयास येतो. त्याला हा किडा ठाऊक होता असें मी सुचवीत नाहीं. पण एकदां पाहून जो परत फिरत नाहीं तो काळजीवाहक नव्हे, एवढें तेथून घेतां येईल.

मलम धुतलें त्या दिवशीं मागील तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी व पांघरुणें कढत पाण्यांत धुवून उन्हांत वाळवावीं. धुतां येण्याजोगी गोधडी नसेल तर ती पिशवींत घट्ट बांधून आठवडाभर ठेवावी. माणसाच्या अंगावांचून किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाहीं. घर रॉकेलनें पुसणें, लेकरांच्या अंगाला फिनेल लावणें, हें घातक आहे. दुकानदाराकडचीं लवकर गुण देणारीं मिश्र मलमेंही टाळावीं. त्यांत पुष्कळदां असें औषध असतें कीं खाज दबते, पण रोग आंत पसरतो, आणि नायट्याला तर तीं फारच चेतवितात. खाजवून फोडांत पू झाला, ताप आला, तोंडावर सूज आली अथवा लघवी लाल-काळी झाली, तर उद्यांवर टाकूं नये. अशा फोडांच्या जंतूंमुळें मुलांच्या मूत्रपिंडालाही इजा होऊं शकते.

नामानाला हेंच जड गेलें होतें. एखादें मोठें कृत्य सांगितलें असतें तर त्यानें केलें असतें. यार्देनेंत सात वेळां बुडी मारणें त्याला हलकें वाटलें. आपले लोक दूरच्या खाजगी डॉक्टरला सुईचे पैसे देतात, पण सर्वांनीं एका रात्रीं मलम लावावें म्हटलें कीं सासू म्हणते, “मला मेलीला कांहीं खाजत नाहीं, मी कशाला लावूं?”

या म्हणण्याचें उत्तर फिजी बेटांतून मिळालें आहे. तेथें २०१२ सालीं वैद्यांनीं एक प्रयोग आरंभिला. एका ठिकाणीं नेहमींप्रमाणें रोग्यांना व त्यांच्या निकट सोबत्यांना औषध दिलें. दुसऱ्या दोन ठिकाणीं खाज असो वा नसो, सर्व रहिवाशांना दिलें, एकीकडे मलम व एकीकडे पोटांत घेण्याचें. जेथें सर्वांनीं पोटांत औषध घेतलें तेथें शंभरांत सुमारें बत्तीस लोकांना असलेली खरूज वर्षभरानें शंभरांत दोहोंवर आली. आजारी व निरोगी एका रांगेंत उभे राहिले म्हणून तें झालें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं खरुजेची गणना उपेक्षित रोगांत केली. उपेक्षित हा शब्द मला योग्य वाटतो, कारण ज्यांना ती होते ते सांगत नाहींत, आणि ज्यांना होत नाहीं ते विचारीत नाहींत.

आतां मंडळीविषयीं. प्रभूपुढें कुष्ठी गुडघे टेकतो, त्या प्रसंगीं मार्क दोन गोष्टी लिहितो. प्रभूनें हात पुढें करून त्याला स्पर्श केला, आणि मग याजकाकडे जाऊन आपणांस दाखव असें त्यास बजाविलें. स्पर्शही केला, तपासणीसही धाडलें. आपल्यांत कोणी नुसती प्रार्थना करून औषध सोडितात, कोणी औषधाचा कागद देऊन घरीं जाणें सोडितात. प्रभूनें दोहोंपैकीं एकही सोडलें नाहीं.

इंग्लंडांत शेफील्ड शहरीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत केनेथ मेलनबी या शास्त्रज्ञानें कांहीं तरुणांवर प्रयोग केले. सद्सद्विवेकास स्मरून ज्यांनीं शस्त्र धरण्याचें नाकारलें होतें, असे ते तरुण. लोक त्यांना भित्रे म्हणत. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले आंतले कपडे त्यांनीं घातले, त्यांच्या घोंगड्यांत ते उघडे निजले, कीं इतरांचें दुखणें कसें पसरतें तें कळावें. आढळलें तें असें कीं कपड्यांनीं लागण क्वचितच होते. ती होते मुख्यतः अंगाशीं अंग लागून बराच वेळ राहिल्यानें, एका अंथरुणांत निजल्यानें. आणि अंगभर खाजणाऱ्या मनुष्यावरही सरासरीनें सुमारें अकराच किडे सांपडले! एवढ्याशा गोष्टीनें आम्ही घराचीं व मंडळीचीं दारें लावून घेतों.

म्हणून उपदेशक बंधूंनो, त्या कुटुंबासाठीं निराळी सतरंजी अंथरूं नका. पहिलें औषध पुरतें लावून धुतलें म्हणजे दुसऱ्या दिवसापासून मुलानें शाळेंत जाण्यास हरकत नसते; हें शिक्षकांना तुम्ही जाऊन समजावून सांगा. पू वाहणारा फोड असेल तर तो स्वच्छ फडक्यानें झांकावा. औषधानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहते, कारण मेलेल्या किड्यांचा अंश कातडींत असतो. तेवढ्यावरून पुन्हां मलम फांसूं नये, आणि कोणाच्या विश्वासांत उणें काढूं नये. चार आठवड्यांनंतरही ती राहिली, किंवा नव्या पुटकुळ्या उठल्या, तर सर्वांनीं पुन्हां डॉक्टरकडे जावें. प्रभुभोजनाचा प्याला त्यांना द्यावा कीं नाहीं असें एकानें मला विचारलें. द्यावा, प्याल्यानें खरूज लागत नाहीं. पुढील प्रभुभोजनाच्या आधीं त्या घरीं बोलावणें जाऊं द्या, आणि तें मुलाच्या हातीं चिठ्ठी देऊन नव्हे. तुम्ही स्वतः जा, ओसरीवर बसा, आणि सुनेनें पाणी दिलें तर त्याच तांब्यांतून प्या.