माप एकच असावे

नागरिकशास्त्राच्या तासाला दहावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, महापालिका लोकांनी निवडलेली, मग तिचा ठराव सरकार रद्द कसा करते?" बेळगावच्या मुलाच्या तोंडी हा प्रश्न नुसता पुस्तकी नसतो. २००५ साली इथल्या महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली, हे त्याने घरी ऐकलेले असते.

मी घटनेतले उत्तर दिले. स्थानिक स्वराज्य हा राज्यसूचीतला विषय. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले. बरखास्तीपूर्वी त्यांचे म्हणणे ऐकावे, सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी, अशी बंधनेही घातली. पण अधिकार किती द्यायचे, हे राज्याच्या विधिमंडळावर सोपवले. देणारा हात आवरताही घेऊ शकतो. मात्र अधिकार आहे म्हणून न्यायही आहे, असे मला म्हणवेना.

वरचा कायदा नेहमीच जुलमी असतो, असेही नाही. नगरपालिकांत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा त्याच दुरुस्तीने मिळाल्या. गावागावांच्या मर्जीवर सोडले असते, तर किती गावांनी त्या दिल्या असत्या? जवळची सत्ता मायाळूच असते असे नाही. भाऊबंदकी जवळच्यांतच होते.

मग कसोटी कोणती? ती मला अकोला जिल्ह्यातल्या पातूरने दिली. तिथल्या नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होते. उर्दूचा वापर १९५६ पासूनचा, असे नगरपरिषदेचे म्हणणे. एका माजी सदस्येने त्यास हरकत घेतली. पुढे स्थानिक संस्थांच्या कारभारात मराठी आवश्यक करणारा महाराष्ट्राचा २०२२ चा कायदाही वादात आला. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हा कायदा मराठी आवश्यक करतो. तिच्या जोडीला दुसरी भाषा लिहिण्यास मनाई करत नाही.

खरे सांगतो, त्या वादाची बातमी वाचताना माझ्या मनात प्रथम आले, 'महाराष्ट्रात मराठी पुरे की!' आणि मग मी ओशाळलो. कर्नाटकाने १९८१ साली स्थानिक संस्थांच्या कारभाराची भाषा कन्नड ठरवणारा कायदा केला. 'इथे कन्नड पुरे की' हे वाक्य ऐकून आम्ही इतकी वर्षे कळवळतो आहोत. तेच वाक्य माझ्या ओठांवर किती सहज आले!

राज्याने आपली भाषा आवश्यक करावी, यात मला अन्याय दिसत नाही. आमची मुले कन्नड शिकतात, शिकलीच पाहिजे. पण तिच्या शेजारी लिहिलेली गावातल्या माणसांची भाषा कायद्याच्या नावाने पुसली जाते, तेव्हा सोय संपते आणि अहंकार सुरू होतो. आणि ही तक्रार करण्याचा हक्क त्यालाच, जो स्वतः बहुसंख्य असतानाही हेच माप वापरतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पातूरची हकीकत सांगितली, आणि माझ्या मनात प्रथम काय आले तेही सांगितले. मुख्याध्यापकाने एवढे तरी लपवू नये.